रक्तदाब वाढला की किडनीच्या गाळणपडद्याचं नेमकं काय होतं?

नीरक्षीर (धागाकर्ती)

बीपी वाढलं की ते किडनीवर जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जातं म्हणजे कुठे जातं आणि तिथे काय बिघडतं, यावर मराठीत सविस्तर लिहिलेलं फार थोडं सापडतं. म्हणून हा धागा.

चर्चा अधांतरी राहू नये म्हणून रचना आधी मांडते. प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणीचे सुटे सुटे घटक. प्रत्येक नेफ्रॉनच्या सुरुवातीला केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, तो ग्लोमेरुलस. एक बारीक धमनिका त्यात रक्त आणते, दुसरी बाहेर नेते. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांनंतर शिरा लागते, इथे पुन्हा धमनिकाच. त्यामुळे दोन्ही टोकांना आवळता आणि सैल करता येणारा स्नायू मिळतो आणि मधला दाब राखता येतो.

गुंत्यातल्या प्रत्येक केशवाहिनीची भिंत म्हणजे गाळणपडदा. त्याचे तीन थर. सर्वांत आत एंडोथेलियम, म्हणजे अस्तराच्या पेशी, त्याला साठ ते शंभर नॅनोमीटरची भोकं. मग सुमारे ३०० ते ३५० नॅनोमीटर जाडीचा बेसमेंट मेम्ब्रेन, कोलॅजेन आणि लॅमिनिनच्या जाळ्याचा. सर्वांत बाहेर पोडोसाइट पेशी. त्यांच्या बारीक पायांची बोटं एकमेकांत गुंफलेली असतात आणि मधल्या फटींवर नेफ्रिन नावाच्या प्रथिनाचा ताणलेला पडदा असतो.

माझे प्रश्न तीन:
१. दाब वाढला की या तीनपैकी आधी काय बिघडतं?
२. हातावर १७० मोजणाऱ्या काहींच्या लघवीत वर्षानुवर्षं प्रथिन नसतं आणि काहींच्या १४५ लाच दिसतं. असं का?
३. झालेलं नुकसान भरून येतं का?

---

कोकणकडा

चांगला धागा. वाचतोय.

---

सूक्ष्मदर्शी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं अनपेक्षित आहे: बहुतेक वेळा आधी पडदा बिघडतच नाही. आधी बिघडते ती रक्त आणणारी धमनिका.

बायोप्सीच्या काचेवर जुन्या उच्च रक्तदाबाची किडनी पाहिली तर पहिल्यांदा डोळ्यांत भरतात त्या धमनिकांच्या भिंती. एचअँडई या नेहमीच्या रंगात त्या भिंतीत एकसंध, काचेसारखा चकाकणारा गुलाबी पदार्थ साठलेला दिसतो. हे हायलिनोसिस. रक्तद्रवातली प्रथिनं भिंतीत झिरपून अडकलेली असतात, स्नायूपेशी हळूहळू नाहीशा होतात. थोड्या मोठ्या, इंटरलोब्युलर धमन्यांत आतलं अस्तर जाड होऊन पोकळी अरुंद झालेली असते.

त्यानंतर ग्लोमेरुलसकडे पाहिलं की दोन वेगळी चित्रं दिसतात. काही ग्लोमेरुलस आकसलेले, त्यांचा बेसमेंट मेम्ब्रेन सुरकुतलेला. पीएएस किंवा सिल्व्हर या खास रंगांत या सुरकुत्या स्पष्ट कळतात. यांना रक्तच पुरेसं मिळालेलं नाही. त्याच काचेवर शेजारी काही ग्लोमेरुलस नेहमीपेक्षा मोठे, फुगलेले, आणि त्यांच्या एखाद्याच भागात व्रण. यांच्यावर दाब जास्त पडला आहे.

म्हणजे एकाच किडनीत काही गाळण्या उपाशी मरतात आणि काही अतिरक्ताने. ‘बीपीने पडदा फाटतो’ हे चित्र मनातून काढून टाकलेलं बरं.

---

घटपट

@सूक्ष्मदर्शी, एक शंका. सुरकुतलेल्या मेम्ब्रेनमधून प्रथिन गळतं का?

---

सूक्ष्मदर्शी

फारसं नाही. रक्तच कमी येतंय, दाबही कमी, त्यामुळे गळतीही कमी. म्हणूनच साध्या हायपरटेन्सिव्ह नेफ्रोस्क्लेरोसिसमध्ये (बीपीने किडनीत व्रण होऊन ती आकसते तेव्हा) लघवीतलं प्रथिन सहसा दिवसाला एक ग्रॅमच्या खाली राहतं. गळती होते ती मुख्यतः फुगलेल्या ग्लोमेरुलसमधून.

म्हणून एक व्यावहारिक नियम: रुग्णाला बीपी आहे, आणि प्रथिन दिवसाला दोन-तीन ग्रॅम आहे किंवा लघवीत तांबड्या पेशी आहेत, तर ‘बीपीमुळे झालंय’ म्हणून फाइल बंद करू नये. आयजीए नेफ्रोपथीसारखा मूळ किडनीचाच आजार असू शकतो आणि बीपी त्याचा परिणाम असू शकतो.

---

दाबतोल

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म तिथेच आहे.

हातावर मोजतो तो दाब आणि ग्लोमेरुलसच्या आतला दाब या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाठ्यपुस्तकातला ढोबळ हिशोब असा: केशवाहिनीतला दाब ६० मिमी पारा. त्याविरुद्ध रक्तातल्या प्रथिनांची ओढ ३२ आणि बोमन कॅप्सूलमधला (ग्लोमेरुलसभोवतीच्या, गाळलेला द्रव झेलणाऱ्या पेल्यातला) दाब १८. उरतात फक्त १०. एवढ्या १० मिमीवर दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतो, बाकी सगळा परत शोषला जातो.

आता हातावरचे १२० चे १६० झाले आणि वाढलेला दाब जसाच्या तसा आत पोचला तर काय होईल, याचा विचार करा. तसं होऊ नये म्हणून दोन यंत्रणा आहेत. पहिली, आणणाऱ्या धमनिकेचा स्नायू ताणला गेला की आपोआप आवळतो. ही काही सेकंदांत काम करते. दुसरी, गाळलेला द्रव पुढे नेणाऱ्या नलिकेतल्या मॅक्युला डेन्सा पेशी पुढे आलेलं मीठ ओळखतात. गाळण वाढली, मीठ जास्त आलं, की त्या आणणारी धमनिका आवळायला लावतात. ही थोडी संथ. दोन्ही मिळून सरासरी धमनीदाब (हातावरच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधला) साधारण ८० ते १६०-१८० च्या दरम्यान असेपर्यंत आतला दाब जवळपास स्थिर ठेवतात.

ज्याची ही व्यवस्था शाबूत आहे त्याच्या पडद्याला हातावरच्या १७० ची झळ फारशी पोचत नाही. धमनिका मात्र झिजत राहतात. ज्याची व्यवस्था मोडली आहे त्याच्या पडद्याला १४५ सुद्धा जड जातात. मधुमेह, एका बाजूची किडनी नसणं, आधीच निम्मे नेफ्रॉन गेलेले असणं, जास्त प्रथिनाचा आहार, लठ्ठपणा, या सगळ्यांत आणणारी धमनिका सैल राहते आणि दार उघडं पडतं.

उंदरांच्या दोन वाणांत हे फार स्वच्छ दिसतं. ओकामोतो आणि आओकी या संशोधकांनी १९६३ मध्ये क्योतोत वाढवलेला, आपोआप उच्च रक्तदाब होणारा वाण घ्या. बीपी भरपूर, पण आणणारी धमनिका घट्ट आवळलेली, त्यामुळे ग्लोमेरुलस बराच काळ सुरक्षित. याउलट संशोधक डाल यांचा मीठसंवेदी वाण: मीठ दिलं की बीपी चढतं, आवळणं अपुरं पडतं, आणि प्रथिन लवकर गळू लागतं.

---

आबोली_

@दाबतोल, खूप सुंदर समजावलंत. म्हणजे ज्याचं बीपी १७० आहे आणि लघवी स्वच्छ आहे त्याने निश्चिंत राहायचं?

---

दाबतोल

अजिबात नाही. मेंदू, हृदय आणि डोळ्याच्या पडद्याला ही आवळणारी व्यवस्था वाचवत नाही. आणि धमनिकेत हायलिनोसिस झालं की स्नायू मरतो. मग ती ना नीट आवळते, ना नीट सैल होते. सुरुवातीला शाबूत असलेली व्यवस्था अशीच मोडते. तोवर वेळ मिळतो, एवढंच.

---

पेशीपुराण

सगळे धमनिकेवर बोलताहेत, तर मी पोडोसाइटची बाजू मांडते.

प्रौढ माणसाच्या एका ग्लोमेरुलसवर साधारण पाचशे-सहाशे पोडोसाइट असतात. या पेशी विभागत नाहीत. जन्मतः मिळालेला साठा आयुष्यभर पुरवायचा. ग्लोमेरुलस दाबाने फुगला की पृष्ठभाग वाढतो, पण पेशी तेवढ्याच. प्रत्येकीला जास्त जागा झाकावी लागते. त्या ताणतात, पाय आखडून सपाट होतात, फटींचे पडदे विस्कटतात. ताण चालूच राहिला तर पेशी मेम्ब्रेनपासून सुटून लघवीत वाहून जाते.

सुटलेल्या जागी उघडा बेसमेंट मेम्ब्रेन समोरच्या कॅप्सूलच्या भिंतीला चिकटतो. तो चिकटलेला ठिपका म्हणजे व्रणाची सुरुवात. सूक्ष्मदर्शी यांनी ‘एखाद्याच भागात व्रण’ म्हटलं, ते असं तयार होतं.

उंदरांत पोडोसाइट ठरावीक प्रमाणात मारून केलेल्या प्रयोगांत पायऱ्या दिसल्या. सुमारे वीस टक्क्यांपर्यंत पेशी गेल्या तर किरकोळ बदल आणि तात्पुरती गळती. वीस ते चाळीसमध्ये चिकटणं आणि तुकड्या-तुकड्यांचे व्रण. चाळीसच्या वर गेलं की गळती थांबत नाही आणि अख्खा ग्लोमेरुलस व्रणात जातो.

नेफ्रिनची ओळख १९९८ मध्ये फिनलंडमध्ये आढळणाऱ्या जन्मजात नेफ्रोटिक सिंड्रोमच्या (लघवीतून भरपूर प्रथिन जाण्याच्या आजाराच्या) जनुकातून पटली. तोवर बेसमेंट मेम्ब्रेन हाच खरा अडसर मानला जाई. त्या बाळांत मेम्ब्रेन होता, फटीवरचा पडदा नव्हता, आणि जन्मापासून प्रथिन धो-धो वाहत होतं.

---

चहाबाज

म्हणजे ही चहाची गाळणी नव्हे, की भोकं मोठी झाली आणि पत्ती खाली आली.

---

पेशीपुराण

हो, नेमकं तेच. चहाच्या गाळणीला दुरुस्तीची गरज नसते. इथे प्रत्येक थर दुसऱ्याला जिवंत ठेवतो. पोडोसाइट व्हीईजीएफ नावाचं द्रव्य तयार करतात आणि त्यावर आतलं एंडोथेलियम आपली भोकं टिकवून धरतं. गरोदरपणातल्या प्रीएक्लॅम्पसियात वारेतून येणारं एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन व्हीईजीएफला अडवतं. एंडोथेलियम सुजतं, भोकं बुजतात, बीपी चढतं आणि प्रथिन गळतं. बीपी आणि पडदा दोन्ही एकाच कारणाने बिघडल्याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

हिशोबाची व्याप्ती पाहा. दिवसाला साधारण नऊशे लिटर रक्तद्रव या पडद्यांवरून जातो. लिटरमागे चाळीस ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) धरलं तर छत्तीस किलो. त्यातलं लघवीत ३० मिलिग्रॅमहूनही कमी यावं अशी अपेक्षा असते.

---

गाइज_रस्ता

अवांतर, पण फार अवांतर नाही. ‘आधी बीपी की आधी किडनी’ हा वाद जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट यांनी लघवीत अल्ब्युमिन असलेल्या रुग्णांच्या किडन्या आकसलेल्या पाहिल्या आणि १८३६ मध्ये त्यांच्या मोठ्या झालेल्या हृदयाचीही नोंद केली. त्यांच्या मांडणीत किडनी आधी. त्याच हॉस्पिटलात १८७० च्या दशकात फ्रेडरिक अकबर महोमेद यांनी नाडीचा आलेख काढणारं यंत्र वापरून दाखवलं की लघवीत अल्ब्युमिन येण्याआधीच नाडीचा ताण वाढलेला असू शकतो. म्हणजे बीपी आधी. हे महोमेद पाटण्यात जन्मलेल्या साके दीन महोमेद यांचे नातू. वयाच्या पस्तिशीत गेले. बीपीचा इतिहास लिहिताना त्यांचं नाव आपल्याकडे क्वचितच घेतलं जातं, याचं वाईट वाटतं.

पुढे १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीवर चिमटा लावून बीपी चढवून दाखवलं आणि पारडं पुन्हा किडनीकडे झुकलं.

---

नीरक्षीर

@गाइज_रस्ता, हे अवांतर धाग्यातच राहू द्या. महोमेद यांच्याबद्दल ठाऊक नव्हतं, आभार.

---

तिरकस_प्रश्न

मला इथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. ‘हायपरटेन्सिव्ह नेफ्रोस्क्लेरोसिस’ हे निदान फार सैल हाताने लावलं जातं. बायोप्सी नाही, इतर कारण सापडत नाही, बीपी आहे, मग तेच.

अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांत बीपीमुळे किडनी जाण्याचं प्रमाण जास्त, असं अनेक दशकं मानलं गेलं. २०१० मध्ये एपीओएल१ जनुकाचे दोन प्रकार सापडले. हे प्रकार आफ्रिकेतल्या ‘स्लीपिंग सिकनेस’ या संसर्गाच्या परजीवीपासून संरक्षण देतात, म्हणून आफ्रिकेत टिकले, पण दोन प्रती असतील तर पोडोसाइटला घातक ठरतात. मग लक्षात आलं की ‘बीपीने झालं’ म्हटलेल्या बऱ्याच केसेसमध्ये मूळ दोष पडद्यातच होता आणि बीपी मागून आलं होतं.

शिवाय बीपी आणखी खाली आणल्याने किडनी वाचते का, याची उत्तरंही सरळ नाहीत. आफ्रिकन वंशाच्या अमेरिकनांवर झालेल्या २००२ च्या आस्क या औषधचाचणीत जास्त खाली आणलेल्या गटात किडनीची घसरण एकंदरीत मंदावली नाही. २०१५ च्या स्प्रिंट या चाचणीत वरचं बीपी १२० च्या खाली आणल्याने हृदयविकार आणि मृत्यू कमी झाले, पण किडनीची घसरण त्याने कमी झाली असं दिसलं नाही.

---

दाबतोल

@तिरकस_प्रश्न, एपीओएल१ बाबत पूर्ण सहमत. चाचण्यांबाबत एक भर घालतो. आस्कमध्येच ज्यांच्या लघवीत प्रथिन आधीपासून जास्त होतं, त्यांना दीर्घ पाठपुराव्यात कमी बीपीचा फायदा दिसला. १९९४ च्या एमडीआरडी या किडनीच्या रुग्णांवरच्या चाचणीतही दिवसाला एक ग्रॅमहून जास्त प्रथिन असणाऱ्यांना. म्हणजे दाब ज्यांच्या पडद्यापर्यंत पोचतोय त्यांची किडनी दाब उतरवल्याने वाचते. बाकीच्यांचा फायदा हृदय-मेंदूचा. माझ्या वरच्या मांडणीशी हे जुळतं. म्हणूनच लघवीतलं अल्ब्युमिन न तपासता बीपीचं लक्ष्य ठरवणं मला अर्धवट वाटतं.

---

तिरकस_प्रश्न

हे मान्य.

---

सह्यकडा

जन्मवजनाचा मुद्दा कुणी घेतला नाही. नेफ्रॉन गर्भातच तयार होतात, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. नंतर एकही नवा बनत नाही. बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर नेफ्रॉन कमी. किडनीतज्ज्ञ ब्रेनर यांनी १९८० च्या दशकात मांडलं की कमी नेफ्रॉन म्हणजे प्रत्येकावर जास्त भार, त्यातून बीपी, त्यातून आणखी नुकसान. २००३ मध्ये जर्मनीत अपघातात दगावलेल्या लोकांच्या किडन्या मोजल्या तेव्हा बीपी असलेल्या दहा जणांत प्रत्येक किडनीत सुमारे सात लाख ग्लोमेरुलस निघाले, बीपी नसलेल्या दहा जणांत सुमारे चौदा लाख. माणसं थोडी, पण फरक दुपटीचा.

आपल्याकडे अडीच किलोच्या आत जन्मणारी बाळं अजूनही पुष्कळ आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत आया आणि बाळांचा जो अभ्यास चालवला, त्याने दाखवलं की आपली बाळं हडकुळी दिसली तरी चरबीचं प्रमाण जास्त घेऊन येतात. तो अभ्यास मुख्यतः मधुमेहाच्या अंगाने झाला, पण कमी वजनाने जन्मलेल्या माणसाचं बीपी तिशीतच तपासायला लागावं हे किडनीच्या बाजूनेही तितकंच खरं.

---

आबोली_

इतकं वाचल्यावर प्रश्न पडतो: घरी काय करायचं? कोणती तपासणी, कशी? नुसतं रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो स्नायूंचा कचरा) तपासून येतात लोक.

---

लॅबवाली

क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून पडदा ठीक, असं नाही. निम्म्याच्या आसपास गाळणक्षमता गेली तरी काहींचं क्रिएटिनिन रिपोर्टवरच्या मर्यादेत राहतं. पडद्याची खबर देते ती लघवीतली अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर चाचणी, एसीआर.

नमुना: सकाळची पहिली लघवी, मधल्या धारेची. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नको. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी असेल तर पुढे ढकला, नाहीतर आकडा खोटा चढतो.

वाचन: ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली ठीक. ३० ते ३०० मध्यम वाढ. ३०० च्या वर जास्त. एकाच रिपोर्टवर निर्णय नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वाढलेले आले तरच पक्कं.

नेहमी होणाऱ्या तीन चुका सांगते. पहिली, साधी पट्टीची तपासणी ‘निल’ आली म्हणून समाधान. पट्टीला सुरुवातीची गळती कळत नाही. दुसरी, काही रिपोर्टवर ‘मायक्रोअल्ब्युमिन’ फक्त लिटरमागे दिलेलं असतं. त्या दिवशी पाणी भरपूर प्यायलेलं असेल तर आकडा पातळ होऊन खाली येतो. गुणोत्तरच मागा. तिसरी, फार हडकुळ्या माणसाच्या लघवीत क्रिएटिनिनच कमी असतं, त्यामुळे गुणोत्तर फुगतं. पैलवानाचं उलट. अशा वेळी चोवीस तासांची लघवी बरी.

ती गोळा करताना पहिल्या सकाळची लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब डब्यात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळची सकाळची लघवी डब्यात घेऊन संपवायचं. पहिली टाकायची विसरली की दिवसाचा हिशोब चोवीस तासांपेक्षा जास्त होतो.

---

घटपट

आणि बीपी घरी मोजताना? एका बैठकीत पाच वेळा मोजून सगळ्यांत कमी आकडा लिहिणारे खूप.

---

दाबतोल

पाच मिनिटं शांत बसून. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी नाही. दंड हृदयाच्या उंचीवर, हात टेबलावर टेकलेला. लघवी करून बसायचं. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. मोजताना बोलायचं नाही. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा वाढतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. असे सात दिवस, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरच्या सरासरीत १३५/८५ ही सीमा, दवाखान्यात १४०/९०.

सर्वांत कमी आकडा लिहिण्याने कुणाचंच भलं होत नाही. डॉक्टरांना सगळे आकडे दाखवा.

---

गोळीबंद

औषधांवर लिहितो, कारण इथे गाळणपडद्याचं ज्ञान थेट कामाला येतं. डोस डॉक्टरच ठरवतील, मी फक्त कारण सांगतो.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही मंडळी अँजिओटेन्सिन या धमन्या आवळणाऱ्या संप्रेरकाला अडवतात. अँजिओटेन्सिन बाहेर नेणारी धमनिका जास्त आवळतं. ती सैल झाली की ग्लोमेरुलसमधला दाब उतरतो आणि गळती कमी होते. बीपी सारखंच उतरवलं तरी इतर गोळ्यांपेक्षा यांनी अल्ब्युमिन जास्त कमी होतं ते याच कारणाने.

दाब उतरला म्हणजे गाळणही थोडी उतरणार, क्रिएटिनिन थोडं वाढणार. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ चालते. ‘गोळीने किडनी बिघडवली’ म्हणून परस्पर बंद करणारे लोक नेमकी उपयोगी गोळी सोडतात. तीस टक्क्यांहून जास्त वाढलं तर मात्र दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद आहेत का ते पाहावं लागतं.

अम्लोडिपिन बीपी चांगलं उतरवतं, पण मुख्यतः आणणारी धमनिका सैल करतं. अल्ब्युमिन जात असलेल्या रुग्णात ते एकट्याने देण्यापेक्षा वरच्या गटाच्या जोडीला देणं योग्य. त्याने पाय सुजले तर ती किडनीची सूज समजून लघवीची गोळी चढवू नये. आपल्याकडे म्हणून सिल्निडिपिन वापरतात. ते बाहेर नेणारी धमनिकाही सैल करतं आणि पाय कमी सुजवतं. त्याच्यामागचा पुरावा त्यामानाने लहान आहे.

डापाग्लिफ्लोझिनसारख्या मूळ मधुमेहासाठीच्या गोळ्या मीठ मॅक्युला डेन्सापर्यंत पोचू देतात, त्या पेशी आणणारी धमनिका आवळायला लावतात. दाबतोल यांनी सांगितलेली दुसरी यंत्रणा इथे औषधाने जागी होते. २०२० च्या डापा-सीकेडी चाचणीत मधुमेह नसलेल्यांनाही फायदा दिसला.

‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ दोन्ही एकत्र मात्र नको. दोन्ही गट एकत्र देऊन पाहणाऱ्या २००८ च्या ऑनटार्गेट चाचणीत अल्ब्युमिन उतरलं, पण किडनीच्या तक्रारी वाढल्या. गरोदरपणात दोन्ही गट वर्ज्य. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यायची.

---

कोकणकडा

@गोळीबंद, गुडघेदुखीच्या गोळीचं पण लिहा.

---

गोळीबंद

बरं झालं आठवण केलीत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन हे आणणारी धमनिका उघडी ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बंद करतात. सार्टनने बाहेर नेणारी धमनिका सैल, लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी कमी, आणि वेदनाशामकाने आणणारी आवळलेली: तिन्ही एकत्र आले की गाळणीतला दाबच कोसळतो आणि क्रिएटिनिन काही दिवसांत झपकन चढतं. दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या पाठदुखीच्या गोळीत हेच औषध असतं. पाकिटामागचं नाव वाचा.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या, पाणी टिकत नाही, तर सार्टन, लघवीची गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन तेवढ्यापुरतं थांबवायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवा. आजारपणात फोन लागेलच असं नाही.

---

मुगाचीडाळ

मीठ! इतके प्रतिसाद झाले आणि मीठ फक्त उंदरांच्या वाट्याला आलं :)

दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात सगळं आलं. मीठ जास्त असलं की सार्टनचा अल्ब्युमिन उतरवणारा परिणाम बोथट होतो. डोस वाढवण्याआधी ताट पाहावं.

आपल्या ताटात मीठ भाजीपेक्षा बाजूने जास्त येतं: लोणचं, पापड, कुरडया, सांडगी मिरची, ताकातलं मीठ, फरसाण, कोकण-गोव्याकडे सुकट आणि खारे बोंबील. पापडखारातही सोडियमच असतं, आणि आम्लपित्तावरच्या फसफसणाऱ्या पुडीतही. सुकी मासळी दोन-तीन पाण्यांतून भिजवून काढली तर बरंच मीठ उतरतं. पूर्ण जात नाही.

सैंधव घेतलं म्हणजे बीपीला चालतं, हा गैरसमज घट्ट आहे. तेही सोडियम क्लोराइडच. आणि ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. किडनी कमी झालेल्या आणि सार्टन घेणाऱ्या माणसाने ते विचारल्याशिवाय घेऊ नये. पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

---

आबोली_

प्रथिनाची पावडर घेणाऱ्या तरुणांसाठी काही?

---

मुगाचीडाळ

निरोगी किडनीला साधा भरपूर डाळ-अंड्याचा आहार झेपतो. एसीआर वाढलेला असेल, एकच किडनी असेल किंवा गाळणक्षमता घटलेली असेल तर पावडर नको. जास्त प्रथिनाने आणणारी धमनिका सैल होते आणि आतला दाब चढतो. किडनीचा जुना आजार असलेल्यांना वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिन सुचवतात.

---

नीरक्षीर

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिले दोन प्रश्न सुटले. तिसरा राहिला: भरून येतं का?

---

पेशीपुराण

थरागणिक उत्तर वेगळं. एंडोथेलियमवरचा लेप सुधारू शकतो. सपाट झालेले पोडोसाइटचे पाय, पेशी जिवंत असेल आणि ताण उतरला तर, पुन्हा उभे राहतात. सार्टनने काही आठवड्यांत गळती घटते, त्यात दाब उतरल्याचा वाटा मोठा, आणि ताण सुटल्याने पडदा सावरण्याचाही. सुटून गेलेली पेशी मात्र जवळजवळ परत येत नाही. व्रण होऊन बंद पडलेला ग्लोमेरुलस तर कायमचा गेला.

---

सूक्ष्मदर्शी

सहमत. बीपी फार झपाट्याने चढून ‘मॅलिग्नंट’ झालं तर चित्र निराळं असतं. धमनिकांच्या भिंतीत फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) चट्टे, धमन्यांत कांद्यासारख्या गोलाकार पापुद्र्यांचे थर. डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव, डोकेदुखी, अंधुक दिसणं. हे तातडीचं, रुग्णालयातलंच काम. तिथेही बीपी एकदम नॉर्मलवर आणत नाहीत, पहिल्या तासाभरात पंचवीस टक्क्यांपर्यंतच. आवळलेल्या व्यवस्थेला उंच दाबाची सवय झालेली असते. दाब एकदम पाडला तर मेंदू आणि किडनी दोघांचंही रक्त तुटतं. जीभेखाली गोळी फोडून बीपी खाली आणण्याची जुनी रीत म्हणूनच सोडून दिली गेली.

---

घटपट

एसीआर वाढलेला निघाला आणि गोळी सुरू झाली, मग पुढची तपासणी कधी?

---

लॅबवाली

क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन ते चार आठवड्यांनी, गोळीबंद यांनी लिहिलंय तसं. एसीआर साधारण तीन महिन्यांनी. तीस टक्के किंवा जास्त उतरला तर उपचार पोचतोय असं धरतात. लहान चढउतारावर घाबरू नका, एकाच माणसाचा एसीआर दिवसादिवसाला बराच हलतो. स्थिर झाल्यावर किती वेळा करायचं ते आकड्यांवर ठरतं. बीपी आहे पण सगळं नॉर्मल, तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि एसीआर दोन्ही.

शक्यतो तीच लॅब धरा. आणि प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात त्या सकाळचं बीपी, चालू गोळ्या आणि डोस पेनाने लिहा. आधीचा एसीआर १८० आणि आताचा ११० यात गोळीने किती झालं आणि मिठाने किती, हे त्याशिवाय सांगता येत नाही.